पिवळ्याला आकार नसतो

रविवारी साडेअकराला वर्ग सुटतो तेव्हा सोप्यातल्या दोरीवर अकरा कागद वाळत असतात. न्यायला आलेली आई किंवा आज्जी आधी आपल्या पोराचा कागद शोधते, मग माझ्याकडं बघते. गेल्या जूनमध्ये एक आई अशीच बराच वेळ कागदासमोर उभी होती. कागदावर तीन तांबडे चौकोन. एक मोठा, दोन बारके. उजव्या कोपऱ्यात पिवळ्याचा जाड फराटा. बाकी सगळा कागद कोरा.

"बाई, हे काय काढलंय ह्यानं? वट्ट कळंना झालंय बघा."

मी तोंड उघडायच्या आत तिच्या पाच वर्षांच्या पोरानं सांगून टाकलं, "काय न्हाई गे आई. तांबडं हाय ते."

ती हसली नाही. तिनं कागद दोरीवरून काढला, रंग पदराला लागणार नाही असा लांब धरला आणि दारातून वळून म्हणाली, "तुम्ही चांगलंच शिकवत असणार, खरं घर-झाड-डोंगर कधी घेणार?" आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. मी "घेऊ की" म्हटलं. ते उत्तर मला पुढं आठवडाभर टोचत राहिलं, कारण घर-झाड-डोंगर घ्यायचा माझा विचारच नव्हता.

मी बेळगावच्या वडगावात राहते. शहापूर ओलांडून दक्षिणेला आलं की गल्ल्यागल्ल्यांतून यंत्रमागांचा खटखटाट सुरू होतो. पाहुण्यांना तो त्रासदायक वाटतो, आम्हाला वीज गेल्यावर तो थांबला की चुकल्यासारखं होतं. वर्गातली पोरं चार ते आठ वर्षांची. सहाजण घरात मराठी बोलतात, चौघं कन्नड. एक पोरगी घरात उर्दू, गल्लीत कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलते. त्यांना पहिले सहा महिने तीनच रंग मिळतात, तांबडा, पिवळा, निळा, आणि तीनच आकार, गोल, चौकोन, त्रिकोण. ब्रश एक. पाण्याला दोन डबे, एक घाण पाण्याचा, एक चांगल्या. आणि एक नियम माझ्यासाठी आहे. कागदाकडं बघून "हे काय आहे?" असं विचारायचं नाही.

हा नियम पाळणं फार अवघड आहे. तोंडातून तो प्रश्न सुटतोच. आपण पोराशी बोलायला सुरुवातच तिथून करतो. पोरगं दोन-तीन वर्षांचं असताना खडूनं नुसत्या रेघोट्या ओढत असतं, हात कुठवर जातो ते बघत असतं, आणि आपण वर वाकून विचारतो, हे काय काढलंस बाळा? त्याला पहिल्यांदा कळतं की काढलेलं काहीतरी असावं लागतं. मग ते आपल्याला खूश करायला म्हणतं, कुत्रा. रोडा केलॉग नावाच्या अमेरिकन बालशिक्षिकेनं आयुष्यभर लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि या रेघोट्यांचे २० मूळ प्रकार वेगळे काढून दाखवले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गुंडाळी, तुटका गोल, असे. मला त्यातलं एक फार पटतं. पोरांची रेघोटी ही फसलेला कुत्रा नसते. तिला तिची स्वतःची चाल असते, आणि कुत्रा नंतर येतो, बऱ्याचदा आपल्या आग्रहानं येतो.

इथं त्या आईची बाजूही सांगितली पाहिजे. बेळगाव हे हुबेहूब चित्राचं गाव आहे. के. बी. कुलकर्णींनी इथं पिढ्या घडवल्या. रवी परांजपे मूळचे बेळगावचे, त्यांचेच विद्यार्थी. आमच्या लहानपणी चित्र चांगलं म्हणजे माणूस ओळखू आला पाहिजे, डोळ्यात पाणी दिसलं पाहिजे, धोतराची चुणी चुणीसारखी पडली पाहिजे. त्या हातांबद्दल मला आजही आदर आहे, आणि मोठी झाल्यावर मीही तेच शिकले. मात्र चार वर्षांच्या पोराच्या मनगटात धोतराची चुणी नसते. त्याच्या हातात अख्खा खांदा असतो. म्हणून ते मोठं काढतं, कागदाबाहेर जातं.

खांदा आणि मनगट हे माझ्या आण्णांचे शब्द. आण्णा बोर्ड रंगवायचे. दुकानांचे, दवाखान्यांचे, पिठाच्या गिरणीचे, ट्रकच्या पाठीमागचे. आमच्या घरात इनॅमलचे पाच डबे कायम उघडे असायचे, तांबडा, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा. हिरवा त्यांनी कधी विकत आणला नाही. पिवळ्यात निळा थेंबाथेंबानं सोडत काडीनं ढवळायचे आणि मला विचारायचे, "झाला?" मी "अजून" म्हणायचे. मग एकदम एका थेंबाला तो व्हायचा. तो क्षण मला अजून दिसतो. डब्यात पिवळा नव्हता, निळाही नव्हता, आणि आम्ही दोघं त्यात वाकून बघत होतो.

आण्णांना कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. गिऱ्हाईक चिठ्ठीवर मजकूर लिहून द्यायचं आणि आण्णा तो बोर्डावर चढवायचे. एक काना इकडचा तिकडं झाला नाही. मी एकदा विचारलं, वाचता येत नाही तर लिहिता कसं? ते म्हणाले, "मी लिहीत न्हाई, काढतो." मग त्यांनी मला जमिनीवर खडूनं दाखवलं. कन्नड अक्षर म्हणजे मनगट. गोल फिरत जायचं, आत वळायचं, शेंड्याला एक तुरा. मराठी म्हणजे खांदा. वरची शिरोरेघ एका दमात ओढायची, मग दंड खाली सोडायचे. कन्नड लिपी गोलाईची का, तर ताडपत्रावर टोकदार लेखणीनं सरळ रेघ ओढली की पान फाटायचं, असं सांगतात. आण्णांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की एकाच बोर्डावर वर गोल आणि खाली सरळ आले तर मध्ये चार बोटं मोकळी सोडावी लागतात, नाहीतर डोळा अडखळतो. ही चार बोटांची जागा मी पुढं आर्ट स्कूलमध्ये 'अवकाश' या नावानं शिकले.

मी तिसरीत असताना त्यांनी रंगवलेल्या एका मराठी बोर्डावर रात्रीत कुणीतरी डांबर फासलं. तसे दिवसच होते ते. बोर्ड दोन्ही भाषांचे काळे व्हायचे, कधी ह्यांचे कधी त्यांचे. सकाळी आण्णा मला सायकलवर पुढं बसवून तिथं घेऊन गेले. मालक चिडला होता, चार माणसं जमली होती, प्रत्येकजण काही ना काही बोलत होता. आण्णा बोर्डाला हात लावून डांबर किती वाळलंय ते बघत होते. मग त्यांनी मालकाला सांगितलं की वरून नुसता पांढरा मारून भागायचं नाही. डांबर पांढऱ्यातून तपकिरी होऊन परत वर येतं. दोन हात मारा, चार मारा, येतंच. आधी ॲल्युमिनियमचा चंदेरी हात मारायचा, तो वाळू द्यायचा, मग पांढरा. दोन दिवस तो बोर्ड नुसता चंदेरी होता. त्यावर एकही अक्षर नव्हतं, आणि दुपारच्या उन्हात अख्खी गल्ली त्यात हलताना दिसायची. शाळेतून येताना मी तिथं थांबायचे.

मी वर्गात काळा रंग देत नाही, त्यामागं एक शिकवण्याचं कारण आहे. काळा सगळ्यांना गिळतो, एकदा हातात आला की पोरं बाकी रंगांकडं बघत नाहीत. दुसरं कारण त्या डांबराचं असावं. काळ्याची बाटली कपाटात आहे. अजून काढलेली नाही.

आता थोडं कामाचं सांगते, कारण कुणाला घरी करून बघावंसं वाटेल. तीन रंग म्हणजे कुठलेही तीन नव्हेत. पहिल्या वर्षी मी स्वस्त पोस्टर कलरचा संच आणला होता. त्यातला तांबडा शेंदरी होता, व्हर्मिलियन. पिवळ्यात घातला की सुंदर नारिंगी व्हायचा. निळ्यात घातला की जांभळा व्हायचाच नाही, चिखल व्हायचा. एका पोरीला जांभळंच हवं होतं. तिनं तीनदा केलं, तीनदा चिखल. तू ब्रश नीट धुतला नाहीस म्हणून मी तिला रागावले. ती रडली. घरी येऊन मी स्वतः करून बघितलं तेव्हा कळलं की चूक तिची नव्हती. शेंदरी तांबड्यात पिवळ्याचा अंश आधीच असतो. त्यात निळा गेला की तिन्ही रंग एकत्र येतात, आणि तिन्ही एकत्र आले की माती होते. जांभळ्यासाठी किरमिजी तांबडा लागतो, क्रिमसन, आणि त्याच्यासोबत अल्ट्रामरीन निळा. हे मला माहीत होतं. आण्णांच्या हाताखाली वाढलेल्या मला ते माहीत असायलाच हवं होतं. पुढच्या रविवारी मी त्या पोरीला सगळ्यांसमोर सांगितलं की रंग मी चुकीचा आणला होता. ती म्हणाली, "मग आज द्या." दिला. तिनं कागदभर जांभळा फासला, दुसरं काही केलं नाही, आणि मला तो कागद पूर्ण वाटला.

पिवळ्याचंही असंच. लिंबू पिवळ्याचा हिरवा कोवळ्या भातासारखा होतो, क्रोम पिवळ्याचा जरा पिकलेला. पोरांना मी दोन्ही करायला लावते आणि नाव विचारते. एकानं पहिल्याला "रोप" आणि दुसऱ्याला "बांध" असं नाव दिलं. तो शेतकऱ्याच्या घरचा होता.

मोठ्या पोरांना, म्हणजे सात-आठ वर्षांच्यांना, मी पेपर देते. रंगीत पानाच्या कडेला छापखान्यानं चार बारके ठिपके सोडलेले असतात, एक आकाशी निळा, एक गुलाबीसर किरमिजी, एक पिवळा, एक काळा. ते शोधायचे. सापडले की आरडाओरडा. मग कुणीतरी विचारतंच, "बाई, ह्यात तांबडा कुठं हाय?" छापखान्याचा तांबडा त्या किरमिजीवर पिवळा चढवून होतो. चित्रकाराचे मूळ रंग वेगळे, छापखान्याचे वेगळे, मोबाइलच्या पडद्याचे आणखी वेगळे, तिथं तर तांबडा, हिरवा आणि निळा. मूळ म्हणजे काय, तर तुमच्या हातात काय आहे त्यावर ते ठरतं. आठ वर्षांच्या पोरांना हे पटकन पटतं. मोठ्यांना सांगायला गेलं की ती वाद घालतात.

आकारांचा क्रम माझा नाही, हाताच्या वाढीचा आहे. तीन वर्षांचं पोरगं गोल बंद करायला शिकतं. चौथ्या वर्षी फुली येते, चार-पाचला चौकोन, पाचच्या पुढं त्रिकोण. शंकरपाळ्याचा आकार सहा-सात वर्षांशिवाय बघून काढता येत नाही, कारण त्यातली प्रत्येक रेघ तिरकी. तिरकी रेघ मोठ्या माणसांनाही जड गेली आहे. पीट मोंड्रियान या डच चित्रकारानं उभ्या-आडव्या काळ्या रेघा आणि तांबडा, पिवळा, निळा एवढ्यावर आयुष्य घालवलं, आणि थेओ फान डुसबुर्ख या मित्रानं चित्रात तिरकी रेघ आणली तेव्हा दोघांचं बिनसलं. ज्या मित्रासोबत १९१७ मध्ये 'डे स्टाइल' या मासिकाचं काम सुरू केलं, त्याच्याशी. मला यात वेडेपणा दिसत नाही. ज्यानं एका झाडापासून सुरुवात करून, वर्षानुवर्षं फांद्या गाळत गाळत ती उभी-आडवी रेघ मिळवली असेल, त्याला एक तिरकी रेघ म्हणजे सगळं पुन्हा हलल्यासारखं वाटणारच.

सरळ रेघेसाठी पट्टी मी देत नाही. पट्टी धरली की पोरं जीव मुठीत धरून काढतात. आण्णा बोर्डावर दोरी मारायचे तशी आम्ही मारतो. सुतळीला निळीची पूड चोळायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, तिसऱ्यानं मध्ये चिमटीत उचलून सोडायची. फट्! कागदावर बारीक निळी रेघ उमटते आणि पोरांच्या नाकावर नीळ. एका रेघेला तीन पोरं लागतात, ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

मोंड्रियानचं १९३० चं चित्र मी त्यांना दाखवलं. वर उजवीकडं भला मोठा तांबडा चौकोन, खाली डावीकडं निळा, आणि उजव्या तळाला पिवळ्याचा एक तुकडा. काय दिसतंय असं विचारायचं नव्हतंच. मी विचारलं, "इथं काय चाललंय?" एकजण म्हणाला, खिडकी. दुसरी म्हणाली, वरनं बघितल्यावर गल्ली. मग ते तीन चौकोनवालं पोरगं, ज्याची आई दारात वळून बोलली होती, ते बराच वेळ बघून म्हणालं, "तांबडं सगळ्यांची जागा खायलंय. खरं पिवळं उठंना झालंय तितनं." मोठा रंग, लहान रंग, आणि लहानाचं न हलणं. त्यानं ते इतक्या सरळ सांगितलं की मी ते वहीत लिहून ठेवलं.

काही गोष्टी जमल्याही नाहीत. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशात लहानाचे मोठे झाले. शाळेत लक्ष लागेना म्हणून मास्तरांनी त्यांना भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडं बघत बसायला लावलं, आणि पुढं तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. हे वाचून मी माझ्या वर्गातल्या सगळ्यात चुळबुळ्या पोराला भिंतीवरच्या ठिपक्यासमोर बसवलं. अर्ध्या मिनिटानं तो म्हणाला, "बाई, त्यो हलायलाय." आणि उठून दाराशी गेला. मी पुन्हा बसवलं नाही. हललेला ठिपका त्यानं बघितला होता, तेवढं पुरे होतं.

वासिली कांडिन्स्की हा रशियन चित्रकार जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता तेव्हा, १९२३ मध्ये, त्यानं लोकांना एक कागद भरायला दिला होता. त्रिकोण, चौकोन, गोल यांना पिवळा, तांबडा, निळा यांपैकी कुठला रंग शोभतो? त्याचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं, पिवळा त्रिकोणाला, तांबडा चौकोनाला, निळा गोलाला. मी माझ्या पोरांना तोच प्रश्न तोंडी विचारला. तांबडा कुठल्या आकाराचा? नऊजणांनी एका सुरात सांगितलं, गोल. का? "आईच्या कपाळावर." निळ्याला त्यांनी चौकोन दिला, दाराचा. मग पिवळा. एक कन्नड घरातली पोरगी, सहा वर्षांची, माघी पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आलेली. ती मान हलवत म्हणाली, "पिवळ्याला आकार नसतोय बाई. त्यो उडतोय." ती भंडाऱ्याबद्दल बोलत होती. डोंगरावर मुठीमुठीनं उधळतात तो. केसात बसतो, पायरीवर बसतो, माणसांच्या तोंडाला बसतो, आणि कुठल्याच आकाराचा नसतो. मी तिच्यापुढं पिवळ्याची बाटली आणि कोरा ब्रश ठेवला. तिनं ब्रश बाजूला केला, हात बुडवला आणि कागदावर झटकला. माझ्या साडीवरचे ते डाग गेलेले नाहीत.

आमच्याकडं रंग मोकळे नाहीत, हे मला लिहायलाच हवं. पिवळ्याखाली तांबडा आला की तो कन्नड झेंडा होतो. पिवळ्यात शेंदरी मिसळून नारिंगी झाला की पोरं ओरडतात, भगवा! निळ्याचं तसंच, हिरव्याचं तसंच. १ नोव्हेंबरला एका रस्त्यानं राज्योत्सवाची मिरवणूक जाते, दुसऱ्या रस्त्यानं काळा दिन पाळणाऱ्यांची फेरी. चार वर्षांच्या पोराला दोन्ही दिसतात. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा आण्णा लहान होते. सीमावादाचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. माझ्या वर्गातलं सगळ्यात मोठं पोरगंही त्याच्या कितीतरी नंतर जन्मलेलं. यातलं न्यायाचं काय, यावर माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही, मात्र रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ते माझ्या सोप्यात नसतं.

तरी ते आत आलंच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एका पोरानं कागद आडवा धरून वरचा अर्धा पिवळा केला आणि खालचा अर्धा तांबडा. शेजारच्यानं, तो सात वर्षांचा, बघितलं आणि म्हणाला, "ह्यो तेंचा झेंडा." तिसरा म्हणाला, "तेंचा न्हवं, आमचा." सोपा एकदम गप्प झाला. मागाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पोरं माझ्याकडं बघत होती आणि मला काही सुचत नव्हतं. ज्याचा कागद होता त्याचा चेहरा मात्र वेगळाच होता. त्याला आपलं काय चुकलं तेच कळेना. तो म्हणाला, "माझं पिवळं संपलं बाई. म्हणून खाली तांबडं लावलं."

मी त्याच्या वाटीत आणखी पिवळा ओतला. कागद उभा फिरवला. आता डावीकडं पिवळा, उजवीकडं तांबडा. "आता कुठला जड?" "तांबडं," तो म्हणाला. "उजवीकडं कलंडायलंय." उलटा केला. तांबडा वर. "आता?" सात वर्षांचा, झेंडा म्हणणारा, तोच पुढं सरकून म्हणाला, "आता वरचं खाली पडणार." तिसऱ्यानं सुचवलं, पिवळ्यात एक निळा गोल ठेव म्हणजे अडेल. ठेवला. अडला. मग कागद पुन्हा सरळ केला तर निळा गोल कोपऱ्यात एकटा पडला, आणि तिघं त्याच्यासाठी आणखी काय काय लागेल यावर भांडायला लागले. मी उठून चहा टाकायला आत गेले. गॅसजवळ उभी राहून मी बराच वेळ त्यांचं भांडण ऐकत होते.

माझ्या शेजारी एक विणकर काका राहतात. त्यांच्या घरी दोन माग. दिवाळीनंतर मी पोरांना तिकडं घेऊन गेले. पोरांनी माग बघितलेले होतेच, काहींच्या घरीच आहेत, पण रंगासाठी कुणी बघितले नव्हते. काकांनी त्या दिवशी उभ्या धाग्याला, ताण्याला, निळा लावला होता आणि आडव्याला तांबडा. निळ्याच्या खालून-वरून तांबडा जात होता आणि विणलेलं कापड जांभळं निघत होतं. पोरांनी जवळ जाऊन बघितलं, तर त्यात जांभळा धागा एकही नव्हता. काकांनी कापडाचा पदर हातावर घेऊन उजेडात हलवला. एका बाजूनं निळं, दुसऱ्या बाजूनं तांबडं. धूपछाव. जांभळं मागणारी ती पोरगी, आता आठ वर्षांची, कापडाला नाक लावून उभी होती. तिनं काकांना कन्नडमध्ये विचारलं, मग जांभळा कुठं आहे? काकांनी आपल्या डोळ्याखाली बोट ठेवून दाखवलं, इथं.

कांडी संपली की उरलेलं सूत ते मला देतात. त्याचे मी चेंडू गुंडाळते, सहा रंगांचे. हे मी फ्रोबेलकडून घेतलं. लहान मुलांसाठीची शाळा त्यानं १८३७ मध्ये जर्मनीत सुरू केली, आणि पोराच्या हातात द्यायची त्याची पहिली वस्तू म्हणजे सुताचे सहा रंगीत चेंडू, तीन मूळ रंगांचे, तीन मिश्र रंगांचे. चार वर्षांची पोरं ते कागदावर मांडतात, सरकवतात, परत उचलतात. रंग वाळत नाही, चुकत नाही. ज्यांना ब्रशची भीती वाटते त्यांची सुरुवात मी चेंडूंनी करते.

आण्णा आता माझ्याकडंच असतात. फ्लेक्स आला आणि काही वर्षांतच बोर्ड रंगवणं संपलं. त्यांनी डबे विकले, ब्रश ठेवले. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या संध्याकाळी ते सोप्यात बसून एक डोळा झाकायचे, उघडायचे, दुसरा झाकायचे. मी विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, "निळा परत आलाय." मोतीबिंदू झालेली काच हळूहळू पिवळी होत जाते, निळ्याला आत येऊ देत नाही. इतकी वर्षं त्यांना भिंत पिवळट दिसत होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. आता डाव्या डोळ्यानं जुनी भिंत आणि उजव्यानं नवी. दुसरा डोळा एवढ्यात नको म्हणाले. पोरांना त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळ्या वर्गानं एकेक डोळा झाकून भिंत बघितली.

तेव्हापासून रविवारी ते खुर्ची टाकून वर्गात बसतात. बोलत नाहीत. पोरं त्यांना अज्जा म्हणतात. मागच्या रविवारी तीन चौकोनवालं पोरगं आपला ओला कागद दोन्ही हातांवर तोलत त्यांच्याकडं घेऊन गेलं. वर निळ्याचा मोठा पट्टा, डावीकडं तांबडा त्रिकोण, खाली काही नाही. त्याची आई नेमकी लवकर आली होती आणि दारात चपला काढून उभी होती.

"अज्जा, बघा की."

आण्णांनी कागद घेतला. हात लांब करून धरला, जवळ आणला, डावा डोळा मिटला. बोर्ड बघायचे तसे मान तिरकी करून बघत राहिले. पोरगं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतं.

"वरचा निळा जड झालाय रं," ते म्हणाले. "खाली चार बोटं सोड, आणि मग काहीतरी ठेव."

पोरानं कागद जमिनीवर ठेवला. तळाकडून चार बोटं मोजली, आपली बारकी चार, आणि पिवळ्याच्या वाटीकडं हात केला. आई दारातून पुढं आली, त्याच्याशेजारी उकिडवी बसली आणि वाटी त्याच्या जवळ सरकवली.